न चोरलेला रंग : अभिनेत्री एलन हॉली

काळ्या माणसाने गोरेपणाचे सोंग घेतले की गोऱ्या प्रेक्षकाला ती गोष्ट फार आवडते. सोंग उघडे पडेल का, कधी पडेल, कोणासमोर पडेल, या प्रश्नांनी तो खुर्चीला खिळून बसतो. पण सोंग गळून पडले आणि तो माणूस काळा म्हणून आपले घर, आपली नोकरी, आपले प्रेम घेऊन जगू लागला की प्रेक्षकाची उत्सुकता ओसरते. त्याला रस असतो तो काळ्या माणसाच्या लपण्यात. त्याच्या जगण्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. एलन हॉली या अमेरिकन अभिनेत्रीची कारकीर्द पाहताना हे विधान पदोपदी खरे ठरते. म्हणूनच एका नटीच्या यशापयशाची कहाणी एवढ्याच अर्थाने ती वाचली तर तिचे मर्म हातून निसटेल. मनोरंजनाचा प्रस्थापित व्यवहार शोषितांची कोणती गोष्ट विकत घेतो आणि कोणती नाकारतो, हे समजून घेण्यासाठी ती वाचली पाहिजे.

हॉली यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील रसायन अभियंता होते. बालपण त्या शहराच्या क्वीन्स भागात गेले. हंटर कॉलेजमधून त्या पदवीधर झाल्या. १८७० साली वैद्यकीय पदवी मिळवून न्यूयॉर्क राज्यातील पहिल्या काळ्या महिला डॉक्टर झालेल्या सुसान स्मिथ मॅकिनी स्टुअर्ड या त्यांच्याच कुळातल्या. म्हणजे शिक्षण या घराला नवे नव्हते. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच पदवी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष विचार करायला लावते. चार बुके शिका, नोकरी धरा, नीट राहा, म्हणजे दोन पिढ्यांत सगळे विसरले जाईल, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. इथे तर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले घर होते. त्या घरातली मुलगी अभिनयाच्या धंद्यात उतरली तेव्हा तिच्या पदवीच्या आधी तिच्या कातडीचा हिशेब मांडला गेला.

तो हिशेबही सरळ नव्हता. हॉली यांचा वर्ण इतका उजळ होता की अनोळखी माणसाने त्यांना गोरी समजावे. अमेरिकेत वर्ण ठरतो तो मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून नव्हे. पूर्वजांत काळ्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळा, हा तिथला दंडक. १९२४ साली व्हर्जिनिया राज्याने हाच दंडक कायद्यात घालून गोऱ्या आणि बिगरगोऱ्यांच्या विवाहाला बंदी केली. असे विवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ साली. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जात कपाळावर लिहिलेली नसते, तरी ती शोधून काढली जाते.

अशा स्थितीत उजळ वर्णाच्या काळ्या माणसापुढे एक चोरवाट असते. नाव बदलावे, गाव बदलावे, आईबापांना विसरावे आणि गोऱ्यांत मिसळून जावे. अमेरिकेत याला 'पासिंग' म्हणतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : जात चोरणे. हॉली यांना ही चोरवाट मोकळी होती. त्या तिच्याकडे वळल्या नाहीत. मी काळी आहे, असे त्या सांगत राहिल्या आणि या सांगण्याची किंमत त्यांनी दोन्हीकडून मोजली. काळ्या स्त्रीची भूमिका असली की निर्माते म्हणत, ही पुरेशी काळी दिसत नाही. गोऱ्या स्त्रीची भूमिका असली की म्हणत, ही तर काळी आहे.

यावर कोणी म्हणेल, निदान वर्ण चोरणाऱ्या काळ्या मुलीची भूमिका तरी अशा अभिनेत्रीला मिळाली असेल. हॉलिवूडने तीही दिली नाही. १९४९ च्या 'पिंकी' या चित्रपटात अशी मुलगी जीन क्रेन या गोऱ्या नटीने केली. १९५८ च्या 'किंग्ज गो फोर्थ'मध्ये काळ्या बापाची मुलगी नॅटली वुड हिने केली. १९५९ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये सुसान कोहनर हिने केली. क्रेन आणि कोहनर या दोघींना त्या भूमिकांसाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले. 'इमिटेशन ऑफ लाइफ'ची १९३४ सालची पहिली आवृत्ती मात्र अपवाद होती. तीत फ्रेडी वॉशिंग्टन या काळ्या अभिनेत्रीने ती मुलगी साकारली होती. पंचवीस वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा निघाला तेव्हा तेवढीही जागा उरली नाही. काळ्या माणसाचे दुःखसुद्धा गोऱ्या चेहऱ्यावर अधिक शोभून दिसते, असा हा सौंदर्यविचार होता. सौंदर्यशास्त्र वर्णनिरपेक्ष असते असे सांगणाऱ्या समीक्षकांनी या चार चित्रपटांचा विचार करावा.

रंगभूमीवर हॉली यांना थोडा मोकळा श्वास मिळाला. १९५६ साली 'टू लेट द फॅलरोप' या नाटकातून त्या ब्रॉडवेवर आल्या. पुढे जोसेफ पॅप यांच्या न्यूयॉर्क शेक्सपिअर फेस्टिव्हलने त्यांना लेडी मॅक्बेथ दिली. १९७३ साली याच संस्थेच्या 'किंग लिअर'मध्ये जेम्स अर्ल जोन्स लिअर होते आणि हॉली त्याची मुलगी रीगन. ज्या अभिनेत्रीच्या अंगी लेडी मॅक्बेथ आणि रीगन पेलण्याचे बळ होते, तिला सिनेमा आणि दूरचित्रवाणी 'तू नक्की कोण?' एवढेच विचारत राहिली. जिथे रंग विचारला गेला नाही तिथे त्यांच्यातली अभिनेत्री दिसली. जिथे तो विचारला गेला तिथे तेवढाच दिसला.

मग १९६८ साल उजाडले. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. शहरे पेटली होती. काळ्यांना पडद्यावर जागा द्या, ही मागणी जोर धरत होती. त्या वर्षी १५ सप्टेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हॉली यांचा लेख प्रसिद्ध झाला. माणसाने किती काळे असावे लागते, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. हा लेख म्हणजे काम द्या अशी याचना नव्हती. काळेपणा मोजण्याची पट्टी तुमच्या हातात कोणी दिली, असा सवाल त्यांनी केला होता. पुढे जे काही घडले त्याची सुरुवात या लेखापासून झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे. हॉली यांना पडद्यावर कोणी आणून बसवले नाही. त्या आपल्या लेखणीच्या बळावर तिथे गेल्या.

तो लेख ॲग्नेस निक्सन यांनी वाचला. अमेरिकेत दुपारच्या वेळी, मुख्यतः घरात असणाऱ्या स्त्रियांसाठी, ज्या मालिका रोज चालत त्यांना 'सोप ऑपेरा' म्हणतात. रेडिओच्या काळापासून साबण विकणाऱ्या कंपन्यांनी त्यांना पैसा पुरवला, म्हणून हे नाव. निक्सन या क्षेत्रातल्या नामांकित लेखिका. १५ जुलै १९६८ रोजी एबीसी वाहिनीवर त्यांची 'वन लाइफ टू लिव्ह' ही मालिका सुरू झाली होती. मालिकांत तोवर सुखवस्तू गोऱ्या घरांचेच राज्य होते. निक्सन यांनी लॅनव्ह्यू या काल्पनिक गावात श्रीमंतांच्या जोडीला पोलिश, आयरिश आणि ज्यू घरे आणली, कष्टकरी माणसे आणली. हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्यांनी हॉली यांना बोलावले आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये कार्ला बेनारी पडद्यावर आली. दुपारच्या मालिकेत मध्यवर्ती भूमिका करणारी पहिली काळी अभिनेत्री म्हणून हॉली यांची नोंद झाली ती या भूमिकेमुळे.

पण कार्ला काळी आहे हे प्रेक्षकांना सांगितलेच नव्हते. ती इटालियन वंशाची नटी आहे, असा सर्वांचा समज करून दिला होता. जिम क्रेग या गोऱ्या डॉक्टरशी तिचे लग्न ठरते. त्याच वेळी प्राइस ट्रेनर या काळ्या डॉक्टरकडे तिचे मन ओढ घेते. तिने त्या काळ्या डॉक्टरचे चुंबन घेतले तेव्हा गोऱ्या बाईने काळ्या पुरुषाला जवळ केले, असे समजून प्रेक्षकांनी वाहिनीकडे तक्रारींचे फोन केले. काही महिन्यांनी उलगडा झाला. रुग्णालयात साफसफाईचे काम पाहणाऱ्या सेडी ग्रे या काळ्या बाईची ती मुलगी होती. तिचे खरे नाव क्लारा ग्रे. क्लारा या नावातली अक्षरे इकडची तिकडे करून तिने कार्ला हे नाव घेतले होते आणि त्याबरोबर आईही टाकून दिली होती.

या कथानकाची ताकद नाकारता येत नाही. ज्या प्रेक्षकाने महिनोन्‌महिने कार्लावर माया केली, तिच्या लग्नाची काळजी वाहिली, त्याला एके दुपारी कळते की जिला आपण आपली समजत होतो ती 'त्यांची' आहे. कालची कार्ला आणि आजची कार्ला यांत काय बदलले? चेहरा तोच, आवाज तोच. बदलले ते प्रेक्षकाच्या मनात. वर्ण ही पाहणाऱ्याच्या डोक्यातली वस्तू आहे, हे पुस्तकी व्याख्यानाने जे साधले नसते ते या मालिकेने घराघरांत साधले. सेडी ग्रेची भूमिका लिलियन हेमन यांनी केली. 'हॅलेलुया, बेबी!' या संगीतिकेसाठी १९६८ चा टोनी पुरस्कार मिळवणारी ही थोर कलावती. सेडी रडून मरणारी आई नव्हती. 'इमिटेशन ऑफ लाइफ'च्या दोन्ही आवृत्त्यांत काळी आई झुरून मरते आणि मुलगी तिच्या शवपेटीशी येऊन हंबरडा फोडते. प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो. सेडी मेली नाही. ती मुलीसमोर उभी राहिली आणि पुढेही वर्षानुवर्षे त्याच गावात राहिली. काळ्या आईने जिवंत राहणे ही त्या काळच्या पडद्यावर लहान गोष्ट नव्हती.

इथे मालिका या प्रकाराविषयी एक मुद्दा मांडावासा वाटतो. आपले समीक्षक मालिकांना हलका माल समजून बाजूला सारतात. पण चित्रपटाला जे जमत नाही ते मालिकेला जमू शकते. चित्रपट रहस्य फुटले की संपतो. मालिकेला दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उभे राहावे लागते. रंग चोरणाऱ्या मुलीचे सत्य बाहेर आले, बरे, आता ती उद्या काय करील? कुठे राहील, कोणाशी बोलेल, कोणते काम करील? ज्या प्रश्नापाशी हॉलिवूडने नेहमी पडदा पाडला, त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला निक्सन यांच्या मालिकेजवळ वर्षे होती. या कसोटीवर ती मालिका तपासली पाहिजे.

सुरुवातीला तिने काही दिले. १९७३ साली कार्लाचे एड हॉल या काळ्या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न झाले. एडची भूमिका अल फ्रीमन ज्युनिअर यांनी केली आणि १९७९ मध्ये त्यांना दिवसाच्या कार्यक्रमांसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. प्रमुख अभिनेत्याचा तो पुरस्कार घेणारे ते पहिले काळे नट. त्यांच्या घरी जोशुआ नावाचा मुलगा आला. ती भूमिका करणारा पोरगा म्हणजे पुढे विख्यात झालेला लॉरेन्स फिशबर्न. दुपारच्या पडद्यावर एक काळे कुटुंब नांदू लागले, हे त्या दशकात फार मोठे होते.

पण हळूहळू या कुटुंबाकडे कथानकाचे लक्ष राहिले नाही. १९७८ मध्ये मालिका रोज एक तासाची झाली. वेळ वाढला तरी कार्लाला पहिल्या वर्षासारखी गोष्ट पुन्हा मिळाली नाही. रहस्य होते तोवर ती नायिका होती. रहस्य गेले आणि ती इतरांच्या गोष्टीतली शेजारीण झाली. १९८० च्या सुमारास हॉली बाहेर पडल्या, १९८३ मध्ये परतल्या आणि १९८५ मध्ये त्यांना मालिकेतून काढण्यात आले. पाठोपाठ लिलियन हेमनही गेल्या. जिच्या गोष्टीने या मालिकेचे नाव देशभर झाले त्या आईला आणि त्या मुलीला दार दाखवले गेले. मालिका त्यानंतरही पंचवीसहून अधिक वर्षे, २०१२ च्या जानेवारीपर्यंत, एबीसीवर चालली.

१९९६ साली हॉली यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. काळ्या कलावंतांना दिला जाणारा कमी मोबदला आणि त्यांना मिळालेली वागणूक यांविषयी त्यांनी त्यात उघडपणे लिहिले. पण ही तक्रार केवळ पैशाची नाही. कार्लाच्या जन्माला कारण झालेला लेख हॉली यांचा, कार्लाला मिळालेला चेहरा हॉली यांचा, वर्षानुवर्षांचे श्रम हॉली यांचे. कार्लाने उद्या काय बोलावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यांचा. अनुभव एकाचा आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात, ही वाटणी आपल्याला नवी नाही. सहानुभूतीने लिहिलेले साहित्यही कुठे थांबते हे इथे दिसते. ते दुःखाच्या उघडकीपाशी थांबते. उघडकीनंतरचे जगणे लिहायला ज्याचे जगणे आहे तोच लागतो.

या संदर्भात बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६३ साली त्याच नावाचा त्यांचा कथासंग्रह आला, म्हणजे कार्ला पडद्यावर येण्याच्या पाच वर्षे आधी. बागुलांचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. दोन्हीकडे चोरी तीच. पण बागुलांच्या कथेत रहस्य प्रेक्षकाच्या गंमतीसाठी नाही. वाचकाला पहिल्यापासून सर्व माहीत असते, शीर्षकच सांगते. त्यामुळे वाचकाचे लक्ष 'हा कोण?' याकडे जात नाही. 'याला चोरी का करावी लागली?' याकडे जाते. मालिकेने कार्लाला प्रेक्षकासमोर गुन्हेगारासारखी लपवून ठेवली. बागुलांनी आरोपीच्या पिंजऱ्यात समाजाला उभे केले. जो समाज माणसाला माणूस म्हणून घर देत नाही, पाणी देत नाही, त्याच्यापासून जात चोरली तर चोर कोण? हा प्रश्न विचारण्याची हिंमत आतून लिहिणाऱ्याला होते.

हॉली यांच्या १९६८ च्या प्रश्नाला आणखी एक धार आहे आणि ती आपल्यालाही कापते. 'किती काळे?' हे गोरा निर्माता तर विचारतोच. पण 'काळा रंग सुंदर आहे' ही घोषणा दुमदुमू लागल्यावर उजळ वर्णाच्या काळ्या माणसाकडे घरची माणसेही संशयाने पाहू लागली. त्या घोषणेने शतकांचा न्यूनगंड धुऊन काढला, तिचे मोल मोठे आहे. पण आतली उतरंड तेवढ्याने मोडली नाही. स्पाइक ली यांचा १९८८ चा 'स्कूल डेझ' हा चित्रपट काळ्यांच्याच महाविद्यालयातल्या उजळ आणि गडद रंगाच्या मुलींमधले वैर दाखवतो. हॉली यांनी त्यात छोटी भूमिका केली हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

आपणही 'किती दलित?' असे एकमेकांना विचारत असतो. शहरात वाढला, इंग्रजी बोलतो, बरे कपडे घालतो, म्हणजे याची जाणीव अस्सल नाही. अमक्या पोटजातीचा, म्हणजे याचे दुःख आपले नाही. माझ्या वर्गातला एखादा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज चारचौघांत द्यायला कचरतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याला कचरायला लावणाऱ्या चारचौघांकडे बोट दाखवणे अवघड आहे. दाखल्याची पट्टी सरकारने दिली, संशयाची पट्टी सवर्णांनी दिली. तिसरी पट्टी आपण आपल्या हातांनी करावी काय? हॉली यांनी कोणत्याच पट्टीला मान दिला नाही. मी काळी आहे, कारण माझी माणसे काळी आहेत, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून मला काही मिळवायचे नाही. त्यांच्या साऱ्या आयुष्याने दिलेले उत्तर माझ्या शब्दांत एवढेच आहे. इथे अस्मिता कातडीच्या छटेत नाही. आपल्या माणसांचा हात न सोडण्यात आहे.

१९८८ ते १९९३ या काळात 'गाइडिंग लाइट' या दुसऱ्या मालिकेत हॉली अधूनमधून न्यायाधीश फ्रान्सिस कॉलियर म्हणून दिसल्या. २००२ साली, रेल्वेच्या शयनयानांत राबणाऱ्या काळ्या हमालांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या संघटनेवरील एका दूरचित्रपटात त्यांनी काम केले. मधल्या काळात व्हाइट प्लेन्स गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या नोकरीला लागल्या. एके काळची नायिका शेवटी ग्रंथालयात, असे म्हणून कोणी हळहळ व्यक्त करील. मला ही हळहळ पटत नाही. पुस्तकांची नोकरी ही पडझड नव्हे, विशेषतः ज्या लोकांना एके काळी अक्षर शिकणेच मना होते त्यांच्या लेकीसाठी तर नव्हेच. पडझड झाली ती त्या मनोरंजनाच्या व्यवसायाची. लेडी मॅक्बेथ पेलणारी अभिनेत्री त्याच्या दारात उभी होती आणि तिला द्यायला त्याच्याजवळ एका रहस्याखेरीज फारसे काही नव्हते.

पडद्यावर जिने रंग चोरला ती कार्ला लोकांच्या स्मरणात राहिली. जिने तो कधीच चोरला नाही ती एलन हॉली पाहायची असेल तर १९६८ चा तो लेख आणि १९९६ चे ते पुस्तक यांकडे जावे लागते. आपल्याकडेही आता पडद्यावर आपली माणसे दिसू लागली आहेत. त्यांचे स्वागत करताना एक प्रश्न मात्र सोडू नये. या माणसाची जात उघड झाल्यानंतर, त्याचा अपमान दाखवून झाल्यानंतर, कथेला त्याच्यात काही रस उरतो का? तो उद्या सकाळी उठून काय करतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर ती लेखणी आपण मागून घेतली पाहिजे.